गड राहिला, बंदर गेलें

धायरीच्या धारेश्वराच्या टेकडीवर उभें राहिलें म्हणजे नैर्ऋत्येस सिंहगड दिसतो. तो रोज दिसतो, आणि त्यामुळेंच कीं काय, आम्हां पुणेकरांची इतिहासाविषयींची सारी कल्पना डोंगरावरची होऊन बसली आहे. इतिहास म्हटला कीं चढ आला, बुरूज आला, दम खाण्यासाठीं मध्यें ताकाचा पेला आला. समुद्र त्या कल्पनेंत बसत नाहीं. मराठ्यांचें आरमार होतें हें आम्हांस ठाऊक असतें. परंतु तें जेथें बांधलें गेलें, डागडुजीस आलें, पावसाळ्यांत विसावलें, तीं ठिकाणें कोणतीं, असा प्रश्न केल्यास आमच्यापैकीं बहुतेकांस उत्तर सुचणार नाहीं. लेखकालाही परवांपरवांपर्यंत तें सुचलें नसतें.

ता. ११ जुलै २०२५ रोजीं युनेस्कोनें ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नांवाखालीं बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत दाखल केले, तेव्हां आमच्या गल्लींतही पेढे वांटले गेले. आनंद होण्यासारखीच गोष्ट होती. त्या बारांपैकीं खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राशीं संबंध असलेले आहेत. यादी वाचीत असतां माझें लक्ष ‘लष्करी’ या शब्दापाशीं थबकलें. विजयदुर्ग हा लढाऊ किल्ला खरा; परंतु त्याचें लढाऊपण कशासाठीं होतें? त्याच्या पाठीशीं वाघोटणची खोल खाडी होती, खाडींत बंदर होतें, बंदरांत गलबतें होतीं, आणि गलबतांवर पोट भरणारीं माणसें होतीं. हें सारें राखण्यासाठीं तट बांधला गेला. आज आपण तट राखीत आहों. मग त्या तटानें जें राखिलें त्याची काय वाट लागली, हें पाहावें म्हणून त्यानंतरच्या हिवाळ्यांत आम्ही घरचीं तीन माणसें विजयदुर्गास गेलों. बरोबर पत्नी होती, आणि कॉलेजांत शिकणारी पुतणी होती, जिला पाट्या वाचण्याचा व त्यांतील चुका काढण्याचा नाद आहे.

या मासिकाचे वाचक ग्रंथपरीक्षणांस सरावलेले आहेत. जुन्या पोथीची नवी आवृत्ति हातीं आली म्हणजे आपण काय पाहतों? संपादकानें कोणते पाठ घेतले, कोणते गाळले, पदरची भर कोठें घातली आणि टीपा खऱ्या दिल्या कीं ऐकीव. जतन केलेलें स्थळ हेंही एक संपादितच पुस्तक असतें. दगड जुने असले तरी त्यांतले कोणते दाखवावयाचे, कोणत्या वाटेनें दाखवावयाचे आणि शेजारीं काय लिहावयाचें, हें आजचा कोणीतरी ठरवीत असतो. तेव्हां विजयदुर्गाचें परीक्षण त्याच कसोटीनें करण्यास हरकत नसावी.

कोल्हापूर, गगनबावडा, करूळचा घाट आणि तळेरे या मार्गानें गेलें म्हणजे रस्ता जांभ्याच्या सड्यावरून बराच वेळ समुद्राची चाहूल न देतां जातो, आणि मग एकदम खाडी पुढें येते. किल्ल्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं, कारण त्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे आणि तें बहुतेक योग्यच आहे. तिहेरी तटबंदी, पाण्यांत उतरलेले पोट-बाहेर काढलेले बुरूज, शत्रूस सरळ चाल करितां येऊं नये म्हणून आडवळणानें लपविलेला दरवाजा, हें सर्व प्रत्यक्ष पाहिल्यावर ‘घेरिया’ या जुन्या नांवाचा अर्थ पायांना कळतो. शिलाहारांपासून आदिलशाहीपर्यंत अनेकांचे हात या जागेस लागले; शिवाजी महाराजांनीं तो घेऊन त्यास आजचें नांव दिलें. २०२० च्या पावसाळ्यांत तटाचा कांहीं भाग ढासळला, तेव्हां वर्तमानपत्रांतून हाकाटी झाली. समुद्राच्या लाटा तीनशें-चारशें वर्षें ज्या चुन्याशीं झगडत आहेत, त्याची काळजी वाहणें सोपें नाहीं, आणि जें चाललें आहे त्यास केवळ नांवें ठेवणें हा पुणेरी स्वभावाचा विलास होईल. संपादकानें मूळ संहिता, निदान तिचा मुख्य अध्याय, प्रामाणिकपणें राखिला आहे असेंच मी म्हणेन.

टीपांविषयीं मात्र तसें म्हणतां येत नाहीं. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ या नांवानें ओळखले जाणारे चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदानें याच ओट्यांवर दुर्बीण लावून हेलियम या वायूचा शोध लाविला, अशी कथा तेथें मोठ्या अभिमानानें सांगतात, आणि त्या तारखेस हेलियम दिन साजरा करण्याचीही प्रथा पडली आहे. कथा गोड आहे. परंतु १८६८ सालीं लॉकियर हिंदुस्थानांत आलाच नव्हता. त्या ग्रहणाचें प्रसिद्ध निरीक्षण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञानें गुंटूर येथून केलें. लॉकियरनें आपलें निरीक्षण त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, ग्रहण नसतांना, इंग्लंडांतूनच केलें. लॉकियर विजयदुर्गास आला तो पुढें तीस वर्षांनीं, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठीं. आणि तोंवर रॅमझेनें १८९५ सालीं हेलियम पृथ्वीवरच हस्तगत केलेला होता. म्हणजे ओटे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरें. फक्त साल व शोध हीं दोन्हीं दुसरीकडचीं. पुतणीनें हें मला तेथेंच ऐकविलें आणि विचारलें, “काका, खरी गोष्ट कांहीं लहान नाहीं. मग खोटी कशाला सांगतात?” मला उत्तर देतां आलें नाहीं. एका इंग्रज शास्त्रज्ञानें येऊन कौतुक केल्याखेरीज आपल्या बंदरास मोल येत नाहीं, अशी जी आपली चोरटी समजूत आहे, तिचें हें फळ असावें.

आतां गाळलेल्या अध्यायाकडे वळूं. किल्ल्यापासून खाडीच्या कडेनें सुमारें दोन मैल आंत, गिर्ये गांवच्या बाजूस, आंग्र्यांच्या वेळची गोदी आहे. गांवांत चौकशी केली तेव्हां बंदरावर जाळें सोडवीत बसलेल्या एका वृद्ध तांडेलानें आमच्याकडे नीट न्याहाळून पाहिलें. “तुमी पुण्याचे? मगे किल्लो बघलास मां?” असें तो म्हणाला. किल्ला पाहिला, आतां गोदी पाहावयाची, असें सांगतांच त्याला हंसूं आलें. “गोदीत काय आसा? नुसतो चिखल.”

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. ओहोटीची वेळ होती. खडक फोडून व दगडी बांध घालून केलेलें एक प्रशस्त कुंड, तळाशीं गाळ, कडेला कांदळवन, आणि गाळावर धांवणारे खेकडे. परंतु १८८० सालच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरांत या कुंडाची लांबी सुमारें ३५५ फूट व रुंदी सुमारें २२७ फूट दिली आहे, तें माप डोळ्यांपुढें ठेवून त्या चिखलाकडे पाहिलें म्हणजे मन थक्क होतें. पावणेदोन एकरांहून अधिक जागा, तीही भरतीओहोटीच्या हिशेबानें, आणि कातळांत! ऑर्म या अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकारानें आंग्र्यांच्या जहाजांचें वर्णन दिलें आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशें टनांच्या आसपास, तीन डोलकाठ्यांची तीनशें टनांपर्यंत. पुढचें नाक लांब व सखल, त्यावरून समोर तोफा डागावयाच्या. गलबतें त्याहून लहान, सत्तर टनांच्या आंतलीं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचीं. वारा पडला म्हणजे तींच गुराबांना ओढून नेत. अशीं जहाजें भरतीच्या पाण्यावर गोदींत घ्यावयाचीं, पाणी ओसरल्यावर तीं टेंकूंवर बसवावयाचीं, तळाला चिकटलेले शिंपले खरवडून काढावयाचे, किड्यानें पोखरलेल्या फळ्या बदलावयाच्या, सांध्यांत कापूस व राळ ठासावयाची, आणि पुढल्या मोठ्या भरतीला पुन्हा पाण्यांत लोटावयाचीं. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत कोंकणचा समुद्र बंद. ते तीन महिने अशी गोदी म्हणजे सुतार, लोहार, दोर वळणारे, शिडें शिवणारे आणि बेकार खलाशी यांचें एक गांवच असलें पाहिजे. किल्ल्यावर तोफ उडे ती वर्षांतून कितीदां? गोदींत तासणी चाले ती रोज. आरमार म्हणजे मुख्यतः ही तासणी; लढाई हा तिचा क्वचित् येणारा प्रसंग.

किल्ल्यावर कोणता बुरूज कोणत्या नांवाचा हें सांगणारे आहेत. या गोदीजवळ तिच्या विषयीं दोन ओळी सांगणारी पाटी आम्हांला दिसली नाहीं, आणि पुतणी पाट्या शोधण्यांत सहसा चुकत नाहीं.

येथवर लिहिलें तें स्थळाच्या संपादकाविषयीं. परंतु या गोदीच्या कांठावर उभ्या राहिलेल्या पुणेकरास दुसरी एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं, आणि ती जरा अडचणीची आहे. ही गोदी ओस पडण्याची सुरुवात आमच्याच गांवांतून झाली. कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले. त्यानंतर मुलांत फूट पडली. विजयदुर्गाकडील भाग पुढें तुळाजीकडे आला. तुळाजीचें वर्तन निर्दोष होतें असें कोणी म्हणणार नाहीं. तो पेशव्यांची सत्ता मानीत नसे आणि त्यांच्या मुलुखासही उपद्रव देई. त्याचा बंदोबस्त करण्याची इच्छा नानासाहेब पेशव्यांना व्हावी हें स्वाभाविक होतें. पण त्यासाठीं त्यांनीं हात धरिला तो मुंबईकर इंग्रजांचा. १७५५ सालीं कोंकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्यामार्फत करार झाला, आणि त्याच वर्षीं कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्ग घेतला. पुढल्या फेब्रुवारींत अॅडमिरल वॉटसन व कर्नल क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं त्यांचें आरमार खाडीच्या तोंडांतून आंत शिरलें. आंग्र्यांचीं जहाजें किल्ल्याच्या आश्रयास एकमेकांस बांधून ठेवलेलीं होतीं. त्यांतच आंग्र्यांनीं पूर्वीं इंग्रजांपासून हिसकावलेलें ‘रेस्टोरेशन’ हें जहाज होतें. त्यावर एक गोळा पडला, आग लागली, आणि एका जहाजावरून दुसऱ्यावर पसरत ती साऱ्या आरमाराला खाऊन गेली. दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. आंत सुमारें दहा लाखांची लूट सांपडली. ती इंग्रजांच्या आरमारानें व सैन्यानें आपसांत वांटून घेतली. पेशव्यांचें सैन्य शेजारींच होतें. त्याच्या वांट्यास त्यांतलें कांहीं आलें नाहीं. किल्ला हवालीं करून घेण्यासाठींही पुण्यास ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागली, आणि त्या बदल्यांत बाणकोट इंग्रजांकडे गेला तो गेलाच. क्लाइव्ह पुढल्या वर्षीं जूनमध्यें पलाशीस होता.

पेशव्यांनीं त्यानंतर विजयदुर्गास आपला आरमारी सुभा ठेविला हें सांगितलेंच पाहिजे, नाहींतर अन्याय होईल. आनंदराव धुळपांनीं १७८३ सालीं इंग्रजांचें ‘रेंजर’ जहाज पकडलें, तें याच बंदराच्या आरमाराच्या बळावर. परंतु एकदां जळालेलें आरमार पुन्हा बांधणें आणि आपण होऊन जाळूं दिलेल्या आरमाराची अब्रू पुन्हा मिळविणें या दोन निराळ्या गोष्टी होत. १८१८ सालीं हाही सुभा संपला. किल्ल्यावर उभें राहून आपण विजयाच्या गोष्टी सांगतों, मुलांकडून घोषणा करवितों. १७५६ ची गोष्ट सांगण्याची जागा गोदी हीच आहे, कारण तिचें रिकामेपण हाच तिचा शिलालेख आहे. आणि म्हणूनच तर आपण तिकडे वाट नेली नसेल ना, अशी शंका मला राहून राहून येते. गाळलेले पाठ नेहमीं अनवधानानेंच गळतात असें नाहीं.

गोदीवरून परततांना गांव पाहिलें. बंदरकांठच्या घरांविषयीं आपल्याकडे फारच थोडें लिहिलें जातें. धुळपांचा वाडा गांवांत आहे. सरदाराचें घर म्हणून त्याकडे लोकांचें लक्ष तरी जातें. परंतु खाडीच्या बाजूचीं साधीं घरें, जांभ्याच्या चिऱ्यांचीं, उतरत्या कौलांचीं, पुढें पडवी व पडवींत जाळीं-वल्हीं ठेवण्याची जागा असलेलीं, हीं देखील आरमाराइतकींच बंदराचीं अंगें होत. गाबीत, भंडारी, दालदी अशा अनेक जातींच्या माणसांनीं हें समुद्राचें काम पिढ्यान् पिढ्या केलें. त्यांच्या घराचें तोंड कोठें, चूल कोठें, ओलें सामान कोठें वाळत घालावयाचें, याची व्यवस्था समुद्राच्या वेळापत्रकानें ठरलेली असते. पत्नीनें एका अंगणांत पाणी मागितलें आणि अर्ध्या तासांत त्या घराची जेवढी माहिती मिळविली, तेवढी मला दिवसभर टिपणें घेऊनही मिळाली नाहीं. कौलें दर वर्षीं चाळावीं लागतात, चाळणारा माणूस मिळत नाहीं, मुलगा मुंबईस, म्हणून यंदां मागच्या बाजूस सिमेंटची गच्ची घालण्याचा विचार आहे, पण किल्ला जवळ असल्यामुळें परवानगीचें काय, असा घोर लागून राहिला आहे.

तो घोर खोटा नव्हे. २०१० सालीं सुधारलेल्या कायद्याप्रमाणें केंद्राच्या संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवें बांधकाम बंद आहे आणि त्यापुढील दोनशें मीटरांत तें परवानगीनेंच करितां येतें. जुन्या घराच्या दुरुस्तीसही परवानगी लागते. किल्ल्याच्या दृष्टीनें नियम रास्त आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी, कीं किल्ल्याचें दृश्य बिघडूं नये म्हणून घरवाल्यास थांबविण्याची तजवीज या कायद्यानें केली. त्याचें जुनें घर हेंही त्या दृश्याचा भाग आहे, तेव्हां कौलें चाळण्यास त्याला हात द्यावा, अशी तजवीज त्यांत नाहीं. जें घर पाडण्यास बंदी नाहीं आणि राखण्यास मदत नाहीं, तें घर गळत गळत एक दिवस आपोआप पडतें. ज्याच्या डोक्यावर पाणी ठिबकतें त्याला वारशाचें महत्त्व पटवूं पाहणाऱ्या आम्हां शहरी लोकांनीं याचा आधीं विचार केला पाहिजे. मी स्वतः धायरींतल्या सिमेंटच्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर राहतों. जुन्या वाड्यांच्या रक्षणाविषयीं मी कोणास उपदेश करावा, हाही प्रश्नच आहे.

पुढें दोन दिवस वेंगुर्ल्यास राहिलों. तेथें डचांनीं १६३७ च्या सुमारास घातलेल्या वखारीची इमारत आहे. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करणाऱ्या डच जहाजांना दाणापाणी वेंगुर्ल्याहून मिळे, असें ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशानें लिहून ठेविलें आहे. वखार राज्याच्या संरक्षित वास्तूंत मोडते. तथापि मला दिसली ती छप्पर गेलेली, भिंतींत मुळें घुसलेली. तिची कींव करण्याआधीं एक तुलना मनांत आली. श्रीलंकेंतील गॉल या बंदरीं डचांचीच वखार आहे. तें सारें तटबंद गांव १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादींत असून, वखारींत आतां सागरी संग्रहालय आहे. २००४ च्या त्सुनामींत त्याची मोठी हानि झाली, तरी २०१० सालीं तें पुन्हा उघडलें. तट, वखार, दीपगृह, प्रार्थनामंदिरें, राहतीं घरें, सर्व एकाच कथेचीं पानें म्हणून तेथें वाचावयास मिळतात. तेथेंही सगळें गोड आहे असें नव्हे. जुनीं घरें परक्यांच्या हातीं जाऊन त्यांचीं खाणावळी-हॉटेलें झालीं, अशी तक्रार तेथें ऐकूं येते, आणि आपल्याकडे कधीं काळीं सुधारणा झालीच तर हाच धोका पहिला येईल. पण वखार ही वाचण्याजोगी गोष्ट आहे, एवढें तरी त्यांनीं ओळखलें.

याहूनही मनाला लागणारें उदाहरण इंग्लंडांतलें आहे. हार्टलपूल या बंदरांत ‘ट्रिंकोमाली’ नांवाचें एक शिडांचें लढाऊ जहाज आज पाण्यावर तरंगत ठेविलें आहे, आणि माणसें तिकीट काढून तें पाहावयास जातात. तें जहाज मुंबईच्या गोदींत, मलबारी सागवानाचें, वाडिया घराण्यांतील जमशेटजी बोमनजींच्या देखरेखीखालीं बांधलें गेलें. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं तें पाण्यांत सोडण्यांत आलें; त्या दिवशीं खडकीची लढाई अवघी चोवीस दिवसांवर होती. इकडे पेशवाईचा शेवट जवळ येत असतां तिकडे मुंबईंत आपल्याच किनाऱ्यावरचे कारागीर विजेत्यांचीं जहाजें बांधीत होते, आणि इतकीं चांगलीं बांधीत होते कीं दोन शतकें उलटून गेल्यावरही त्यांतलें एक टिकून आहे. हार्टलपूलचा जुन्यासारखा दिसणारा धक्का गेल्या शतकाच्या अखेरीस नव्यानें बांधलेला आहे, म्हणजे तेथें जहाज खरें आणि भोंवतालचें बंदर नकली. आमच्याकडे बंदर खरें, गोदी खरी, खाडी खरी, भरतीओहोटी तर खरीच. आणि त्यांत गाळ.

मग करावें काय? गोदी उपसून तींत एखादी रंगविलेली नकली गुराब आणून ठेवावी व शेजारीं बाग करावी, असें कोणी सुचवील तर त्यास माझा कडकडून विरोध राहील. असलीं शोभेचीं कामें करण्यापेक्षां चिखल बरा. चिखलानें निदान खालचा दगड झांकून राखिला आहे. पहिलें काम मोजणीचें आहे. जो जाणता असेल त्यानें गोदीचा एकूण एक बांध, तिचें तोंड, तळाची पातळी, कोणत्या भरतीस पाणी कोठवर चढतें, हें नकाशावर आणावें. दुसरें, खाडीकांठच्या जुन्या घरांपैकीं जीं उभीं आहेत त्यांचीं रेखाटनें व त्यांत राहणाऱ्यांच्या तोंडची माहिती, कौलें उतरण्यापूर्वीं, लिहून घ्यावी. तिसरें काम पुण्याचें आहे आणि तें आमच्याखेरीज दुसऱ्या कोणाचें नव्हे. पेशव्यांच्या आरमाराचे कागद पुण्यांतच, पेशवे दप्तरांत, मोडींत पडले आहेत. रियासतकार सरदेसायांनीं १९३० नंतरच्या चार-पांच वर्षांत त्या दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून काढिले. पण निवडक ते निवडकच. त्यांतून राजकारण व लढाया पुढें आल्या. किती सागवान आला, दोराला काय पडलें, कोणत्या खलाशास किती रोजमुरा, कोणत्या महिन्यांत कोणतें गलबत डागडुजीस घेतलें, असल्या नोंदी निवडण्यास कोणाचें मन धजावणार? विजयदुर्गचा दगड वाचावयाचा तर त्याचा कोश पुण्यांत आहे. मोडी शिकण्याचे वर्ग आतां शहरांत ठिकठिकाणीं निघतात, ही चांगली गोष्ट आहे. त्यांतून बाहेर पडणाऱ्या चार तरुणांनीं तरी गडांचा मोह वर्षभर बाजूला ठेवून आरमाराचे जमाखर्च हातीं घ्यावेत.

पुतणीस मी हें बोलून दाखविलें तेव्हां तिनें लगेच होकार दिला नाहीं. जमाखर्च वाचणें तिला आवडेल असें दिसलें नाहीं. पण वेंगुर्ल्याहून परत फिरतांना वाट वांकडी करून पुन्हा एकदां विजयदुर्गास जावें, हा हट्ट तिचाच. गेलों तेव्हां पुन्हा ओहोटीच होती. तोच तांडेल त्याच जागीं होता. त्याच्यामागें एक मासेमारीची होडी चिखलांत टेंकूंवर उभी करून दोघे जण तिचा तळ खरवडीत होते. पुतणी त्याला म्हणाली, “आजोबा, आम्ही येतों तेव्हां पाणी नेमकें गेलेलें असतं.”

“बाय, उधाणाक येवा,” तो म्हणाला. “तेवा पाणी त्या फातरापर्यंत चढता. मगे समाजता, हेका गोदी कित्याक म्हणतत.”

त्यानें दाखविलेला दगड आम्हांला बराच वेळ ओळखतां आला नाहीं, इतका तो उंच होता. गाडींत बसल्यावर पुतणीनें पंचांग काढून पुढल्या पौर्णिमेचा वार पाहिला. सोमवार निघाला, कॉलेज होतें. मग तिनें त्यापुढची अमावास्या पाहिली.